भागिले दहा

दार एस सलाम
२० जून १९७५

पाणीचोर येरेमिया यास,

तू किंवा तुझ्या शेळ्या, जो कोणी हे पत्र आधी चघळेल त्याला माझा नमस्कार. आमचे न्यामवेझी आजे-पणजे हस्तिदंत डोक्यावर घेऊन समुद्राकडे निघाले की तुम्ही गोगो लोक वाट अडवून डबक्यातल्या पाण्याचीही पट्टी घ्यायचात. तेव्हापासून आपण एकमेकांचे म्तानी. मी तुला काहीही बोलावं, तुझं काहीही उचलावं, तू रागवायचं नाही. म्हणून आज सरळ मागायला आलोय.

तुला माहीत आहे, मी नियोजन कचेरीत आहे. माझ्या टेबलासमोर भिंतभर नकाशा आहे. गरजेपेक्षा जास्त पिकलं तिथे हिरवी टाचणी, पोटापुरतं तिथे पिवळी, कमी तिथे लाल. ही कल्पना आमच्या संचालकांची, डॉ. तारिमोंची. परदेशात शिकलेला माणूस, कधी आवाज चढवत नाही. चहा पिताना म्हणतात, "मिहायो, भाषणं मंत्र्यांनी करावीत. देश टाचण्यांवर चालतो." आधी वाटलं गंमत करतायत. पण दर सोमवारी मंत्री येतात, हात मागे बांधून नकाशापुढे उभे राहतात, आणि कुठे लॉऱ्या धाडायच्या ते आम्हाला विचारतात.

सगळा नकाशा भरलाय. एकच जागा मोकळी आहे, तुझं चिहेम्बे आणि भोवतालच्या वस्त्या. तुमच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची जीप म्हणे बंद पडली, कागद आलेच नाहीत. बसलो तरी ती मोकळी जागा दिसते, उठलो तरी दिसते. कालपासून तारिमो येता-जाता तिच्यावर बोट ठेवतात आणि पुढे निघून जातात. मला नीट जेवण जात नाही.

तू मुख्याध्यापक आहेस, गावाचा कारभारही बघतोस. तुमच्या भागात यंदा ज्वारी-बाजरी किती पोती झाली, अंदाजे कळव. लवकर कळव.

तुझ्या आईला, म्हणजे म्तानीच्या थट्टेत माझ्या बायकोला, सांग की तिचा नवरा शहरात वाळत चाललाय.

हमाल,
मिहायो

---

चिहेम्बे
४ जुलै

हमाला,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शाळेच्या सुट्टीत आला होता तेव्हा माझी तुऱ्याची कोंबडी काखेत मारून पळाला. असला नवरा वाळला तर वाळू दे." मग बराच वेळ हसत बसली. तुझ्या मागे काठी घेऊन धावलेली तिला अजून आठवते, आणि तू किती हळू पळत होतास तेही.

पिकाचं विचारतोस. काय सांगू तुला. बाजरी इतकी झालीय की ठेवायला कणग्या उरल्या नाहीत. बायका बाजरीचं पीठ कालवून घराचं धाबं लिंपतायत. शेळ्या तोंड फिरवून म्हणतात, रोज तेच काय. शाळेतली पोरं इतकी फुगलीत की दारातून आडवी शिरतात. तू लिहून टाक, दहा हजार पोती. लॉऱ्या कशाला पाठवतोस, तुझी माणसं पाठव. रांगेने या, डोक्यावर चुंबळ ठेवा आणि आजोबांसारखे वाहून न्या. जाताना पाण्याची पट्टी तेवढी ठेवा.

आमचा अधिकारी मागच्या आठवड्यात येऊन गेला. जीप चालू होती, तोच बंद होता. घराघरात डोकावला आणि गेला.

आई विचारते, त्या टाचण्या अंगाला टोचत नाहीत का.

पाणीचोर,
येरेमिया

---

दार एस सलाम
१८ जुलै

येरेमिया,

तुझं पत्र आलं आणि कचेरीत एकटाच हसत बसलो. शेजारचा कारकून उठून बघायला आला.

दहा हजार म्हणे. मी तुला टबोराच्या शाळेपासून ओळखतो. मासा वीतभर असला की तू हातभर दाखवायचास. गोगो म्तानीचं बोलणं भागिले दहा, हे माझं जुनं सूत्र आहे. एक शून्य कापलं आणि एक हजार लिहिलं. तुमच्याकडे माणसं किती, त्या हिशेबाने हिरवी टाचणी बसली.

तारिमो खूश झाले. आकडा कुठून आला विचारलं तेव्हा म्हटलं, गावात माझा खात्रीचा माणूस आहे, आणि त्याच्या सवयीप्रमाणे मी तो कमी करून घेतलाय. ते म्हणाले, "हेच मी सगळ्यांना शिकवतोय. माहिती आहे तशी गिळायची नाही, सुधारून घ्यायची." सोमवारी मंत्र्यांना त्यांनी तुमचा कोपरा दाखवला. कोरड्या भागातही नियोजनाने काय होतं बघा, म्हणाले. मंत्र्यांनी माझा हात हातात घेतला.

आतली गोष्ट सांगतो, उपसंचालकाची जागा रिकामी होतेय. माझं नाव चाललंय. रोज सकाळी कचेरीत शिरलो की आधी तुमची हिरवी टाचणी बघतो. का कोण जाणे, बोटाने चाचपूनही बघतो.

बायकोला नमस्कार.

मिहायो

---

चिहेम्बे
२ सप्टेंबर

अरे हमाला,

मानलं तुला. आजवरच्या सगळ्या थट्टा तू एका झटक्यात फेडल्यास.

शुक्रवारी सकाळी धूळ उडवत तीन लॉऱ्या आल्या. लॉऱ्या दिसल्या तशी माणसं धावली. बायकांनी टोपल्या पुढे धरल्या, म्हाताऱ्या उन्हात उभ्या राहिल्या. लॉऱ्या थांबल्या. मागची फळी पाडली, तर आत काही नाही. ड्रायव्हर उतरला आणि मला म्हणाला, "मास्तर, जादा माल कुठे आहे? आम्हाला भरून न्यायला सांगितलंय." मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी इतका हसलो की खाली बसलो. लोकांना सांगितलं, माझ्या न्यामवेझी म्तानीने पाठवलंय हे, दहा हजार पोत्यांचं उत्तर आहे. तेव्हा सगळे हसले. आई तर लॉरीच्या चाकाला हात लावून म्हणाली, "नवऱ्याने गाडी पाठवली, पण बायकोला न्यायला की कोंबडीला?"

ड्रायव्हर हसला नाही. रिकाम्या लॉऱ्या घेऊन तो परत गेला.

आता थट्टा पुरे. भरलेल्या पाठव. तुला तर ठाऊकच असेल, फेब्रुवारीत पाऊस गेला तो गेला. कणसं दाण्यावर आलीच नाहीत, ताटं शेळ्यांना घातली. मे महिन्यात जे घरात आलं ते जुलैला संपलं. शेजारच्या वस्त्यांतून माणसं शहराकडे निघालीत. शाळेत पोरं बसल्या जागी झोपतात, मी उठवत नाही. बाकीच्या भागात सरकारी धान्य आलं असं ऐकतो, मग आमचंही येतच असेल.

आई बरी आहे. फक्त बोलताना मध्येच थांबते आणि कुठवर आले होते ते विचारते.

येरेमिया

---

दार एस सलाम
१५ सप्टेंबर

येरेमिया,

लॉऱ्या मी पाठवल्या नव्हत्या. इथे हिरव्या टाचणीला रिकामी लॉरी आपोआप निघते, कोणी थट्टा करत नाही. तू हसलास, तुझी आई हसली, हे वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

पण तू असं लिहायचं तरी का? दहा हजारांतले नऊ हजार खोटे असतील हे मी धरलं होतं. सगळेच खोटे असतील हे कसं धरणार? अधिकाऱ्याचे कागद अजून आले नाहीत. त्याची बदली झालीय.

मी तारिमोंशी बोललो. म्हणजे, विषय काढला. त्यांनी सांगितलं की फेरतपासणी जानेवारीत होते, तेव्हा प्रत्येक टाचणी नव्याने बसते. मधेच बदल करायचा तर कारण लागतं, आणि कारण लिहून द्यावं लागतं. मी कारण काय लिहू? परदेशातून आलेलं धान्य या महिन्यात वाटून संपलंय. लाल टाचण्यांची गावंही उपाशीच होती, ते धान्य काही वाया गेलेलं नाही.

जानेवारीपर्यंत कसंही करून निभाव. शेळ्या वीक. मी जानेवारीत पहिलं तुमचं काम करतो. आईची काळजी घे, तिला सांग की मी विचारलं.

मिहायो

---

चिहेम्बे
३ नोव्हेंबर १९७५

माननीय मिहायो साहेब यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपलं १५ सप्टेंबरचं पत्र पावलं. कामाच्या गर्दीतून आपण उत्तर दिलंत, आभारी आहे. उपसंचालक म्हणून आपली नेमणूक झाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. अभिनंदन.

कळवण्यास दुःख होतं की आमच्या मातोश्री मागच्या मंगळवारी वारल्या. आजार असा काही नव्हता. घरात जे शिजायचं त्यातलं आपल्या वाटचं त्या नातवंडांच्या पुढे सरकवायच्या आणि आपण आधीच जेवलो म्हणून सांगायच्या. आम्हाला हे फार उशिरा समजलं.

आमच्या रीतीप्रमाणे कबर खणल्यावर आधी न्यामवेझी म्तानीने तीत आडवं व्हायचं आणि हातावर काही पडल्याशिवाय उठायचं नाही, हे आपण जाणताच. रेल्वे स्टेशनवरचे दोघे न्यामवेझी येतो म्हणाले होते. मीच त्यांना नको म्हणून कळवलं. थट्टा ऐकून घेण्याइतकं त्राण कुणात उरलं नव्हतं. कबर तशीच मोकळी राहिली, मग तिला ठेवलं.

शेळ्या विकाव्यात हा आपला सल्ला योग्य होता. त्या जुलैतच विकल्या होत्या.

आपण येण्याची तसदी घेऊ नये. आपल्यावर मोठी जबाबदारी आहे याची कल्पना आहे.

आपला नम्र,
येरेमिया चिलोंगानी
मुख्याध्यापक

---

डोडोमा, धान्याचं गोदाम
१२ नोव्हेंबर

येरेमिया,

हे पत्र लॉरीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. दोन लॉऱ्या आहेत, या वेळी भरलेल्या. आधी पोती उतरवून घे, मग वाच.

तुझं पत्र मी कचेरीच्या जिन्यात वाचलं. तुझ्या शिव्या खाऊन मी मोठा झालो. तू मला साहेब म्हटलंस, वर नमस्कारही घातलास. ती गेली हे मला तुझ्या त्या सभ्य अक्षरातून कळावं, ही शिक्षा मला मिळायलाच हवी होती.

तसाच तारिमोंच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. थट्टेचा आकडा, मी कापलेलं शून्य, तुझी आई. ते ओरडले नाहीत. उठून दार लावलं.

"आणखी कोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"चिहेम्बेतल्या सगळ्यांना," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. "मिहायो, बाकीच्या टाचण्यांखाली काय आहे असं तुला वाटतं? कुणाचा मेहुणा आहे, कुणा कारकुनाचा अंदाज आहे. मला माहीत नाही असं समजतोस? ही एक उपटली की मंत्री बाकीच्यांबद्दल विचारतील. मग हा नकाशा खाली येईल, आणि ते पूर्वीसारखे आपापल्या गावाला आणि आपापल्या व्याह्यांना धान्य वाटतील. चुकीचा नकाशा बरा, की नकाशाच नको? तू सांग."

खरं सांगतो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ते वाईट नाहीत, त्यांचे डोळे लाल झाले होते. पण त्यांनी टाचणी काढली नाही. मी काढली. बाहेर येऊन हिरवी उपटली, लाल खोचली, आणि संध्याकाळची गाडी पकडली. माझ्यामागे त्यांनी पुन्हा हिरवी लावली असेल, ती लावताना त्यांचा हात थांबला असेल की नाही माहीत नाही.

शहरासाठी राखलेल्या इथल्या गोदामाचा व्यवस्थापक मासिमा तुमच्यातलाच, गोगो. पोट सुटलेला, किल्ल्यांचा जुडगा गळ्यात अडकवलेला.

"आदेश कुठे आहे?" तो म्हणाला.

"नाही."

"मग धान्यही नाही. साहेब असशील तर दार एस सलामचा."

मी म्हटलं, "मी न्यामवेझी आहे. तू गोगो आहेस. तुझ्या पणज्याने माझ्या पणज्याकडून चिखलाच्या पाण्याची पट्टी घेतली. ती आज वसूल करतोय." आणि त्याच्या गळ्यातून जुडगा काढून घेतला.

गोदामातले हमाल जागच्या जागी थांबले. मासिमाने हात उचलला आणि तसाच खाली आणला. म्हणाला, "बघा रे, हा मला भरदिवसा लुटतोय, आणि मला याच्यावर चिडताही येत नाही." ते हसू लागले, तोही हसू लागला. कुठे नेणार विचारलं. चिहेम्बे म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. त्याची मावशी तुमच्या पलीकडच्या वस्तीत आहे. गावाकडून काही निरोप आला नाही म्हणून तो निश्चिंत होता, तिथे हिरवी टाचणी आहे हे त्यालाही सांगितलेलं होतं.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "उचल. पण कायद्याला म्तानी नसतो. जेवण झालं की मला पोलिसांना कळवावं लागेल."

"कळव," मी म्हटलं. "पण आज सावकाश जेव."

तो आता जेवतोय. हमाल कमी पडले म्हणून मीही पोती वाहिली. आजोबांनी कसं केलं देव जाणे, माझी मान तिसऱ्या पोत्यालाच गेली.

लॉऱ्यांबरोबर मी येत नाही. चोराने इथे बसून राहिलं तर मासिमावरचा ठपका हलका होईल. मला ती कोंबडी आठवते. तुझी आई माझ्या मागे धावली ती पकडण्यासाठी नाहीच, हे मला आज इतक्या वर्षांनी समजलं.

मला काहीही म्हण. पण तसं पत्र पुन्हा लिहू नकोस.

मिहायो

---

चिहेम्बे
२२ नोव्हेंबर

हमाला,

तू सुटलास आणि चौकशी होईपर्यंत टबोराला घरी बसलायस, असं मासिमाने कळवलं. त्याला फक्त तंबी मिळाली. तो परवा मावशीला न्यायला आला होता. मावशी त्याच्याबरोबर गेली नाही, त्याला चार गोष्टी सुनावून परत पाठवलं.

पोती पोचली. ड्रायव्हरने सांगितलं की एका न्यामवेझ्याने गोदाम लुटून धाडलीत. कुणी हसलं नाही. बायका पोती उतरवत राहिल्या. त्या दिवशी गावात सगळीकडे एकाच वेळी चुली पेटल्या. आसपासच्या वस्त्यांनाही वाटून दिलं. नीट वापरलं तर पहिल्या भाज्या येईपर्यंत पुरेल.

आता माझं ऐक. मी थट्टा केली ती खरं लिहायची लाज वाटली म्हणून. म्तानीपुढे रडायचं कसं, ते आपल्याला कुणी शिकवलं नाही. अधिकारी कणग्या बघून गेला होता, खरं काय ते तो कळवेल असं मी धरून चाललो. तू मला भागिले दहा केलंस, मी त्याच्यावर भार टाकला, आणि आईच्या पुढ्यातलं ताट दोघांनी मिळून उचललं. तुला माफ केलं असं लिहायला बसलो होतो. जमलं नाही. स्वतःलाही करता आलं नाही.

सोमवारी रेडिओवर तुमचे मंत्री बोलले. कागद तारिमोंनीच लिहून दिला असणार, वाक्यं सरळ होती. चिहेम्बेसारख्या कोरड्या भागानेही यंदा गरजेपेक्षा जास्त पिकवलं, कुणाच्या मदतीशिवाय, असं ते म्हणाले. आम्ही तेव्हा अंगणात बसून तुझ्या चोरीच्या पिठाची घट्ट शिजवलेली उगाली खात होतो. म्हातारा माझोया हाताला लागलेलं पीठ चाटत म्हणाला, "जरा मोठ्याने लावा रे. आपण श्रीमंत झालोय, नीट ऐकू तरी येऊ दे." दफनानंतर पहिल्यांदा अंगणात माणसं हसली. मी हसलो नाही, पण उठूनही गेलो नाही.

तुझ्या बायकोच्या वाटचं एक पोतं मी फोडलेलं नाही. ६ डिसेंबरला तिचं चाळिसाव्याचं जेवण आहे. नोकरी राहिली असेल तर रजा काढ, गेली असेल तर प्रश्नच नाही. कबर टेकडीपलीकडे आहे, तिथवर लॉरी जात नाही, म्हणून पोतं तुझ्या डोक्यावरून जाईल. मी मागून चालेन आणि तुला शिव्या देईन, हात लावणार नाही. तिथे पोचलास की तिच्याशेजारी आडवा हो. तिला मोकळ्या कबरीत ठेवलं ते माझ्या मनातून जात नाही. उठण्यासाठी काय मागायचं ते माग, मी भागिले दहा करीन.

आणि पाणी टबोराहूनच भरून आण. आमच्या विहिरीचं प्यायलास तर पट्टी पडेल.

पाणीचोर,
येरेमिया